एका देशाचं पोस्ट अन् फोन शेजारचा देश चालवते, असं खरंच असते का?

बॅगवाला (उमरखेड तालुका)

रामराम मंडळी. मी गावच्या शाखा डाकघरात बीपीएम (शाखा पोस्टमास्तर) आहे, पैनगंगेच्या अलीकडं, नदी उतरली की नांदेड जिल्हा. तिकिटांचा नाद शाळेपासूनचा. नागपूरहून जुन्या पाकिटांचं बंडल मागवलं होतं, त्यात सत्तरच्या दशकातलं एक पाकीट निघालं. तिकीट लिश्टेनस्टाइन देशाचं, शिक्का शान नावाच्या गावचा, किंमत स्विस राप्पेनमधी (फ्रँकचे पैसे), अन् पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एफएल-९४९४ (एफएल म्हणजे लिश्टेनस्टाइनची खूण). हा ९४९४ स्विस पिन आहे. स्वित्झर्लंडनं १९६४ ले चार आकडी नंबर काढले तवा शेजारच्या देशालेही आपल्याच रांगेत बसवून टाकलं. राजधानी वाडुझ ९४९०, शान ९४९४, आजही तेच चालतात. आपल्याकडं १५ ऑगस्ट १९७२ ले वेलणकर साहेबांचा पिन आला अन् ४४ नं सुरू होणारे नंबर विदर्भाले मिळाले, पण तेवढ्यानं विदर्भ काही वेगळा देश नाही झाला (ज्यायले व्हावा वाटते त्यायचा धागा वेगळा आहे, इथं नको).

तर गोष्ट अशी. लिश्टेनस्टाइन म्हणजे १६० चौरस किलोमीटर, अकरा गावं, माणसं चाळीस हजाराच्या आसपास, आपला एखादा तालुका याच्यापेक्षा कितीतरी मोठा. पश्चिमेले ऱ्हाईन नदी, नदीपलीकडं स्वित्झर्लंड, दुसऱ्या अंगानं ऑस्ट्रिया. पहिल्या महायुद्धापर्यंत इथलं टपाल ऑस्ट्रिया चालवत होता. १९१२ ले देशाच्या नावाची पहिली तिकिटं निघाली, त्यावर राजे दुसरे योहान यायचं चित्र, किंमत ऑस्ट्रियाच्या हेलरमधी. मग १९१८ ले ऑस्ट्रियाचं साम्राज्यच मोडलं, त्यायच्या क्रोन नोटेची रद्दी झाली, अन् ज्याच्या भरोशावर बसलो होतो तोच बुडाला म्हटल्यावर यायनं १९१९ ले ऑस्ट्रियासोबतचा जकातीचा करार तोडला. १९२० मधी काही महिने स्वतःचं टपाल स्वतः चालवून पाहिलं. तिकिटं छापून विकायचा ठेका एका खाजगी मंडळीले दिला, त्यावर लोकायनं बोंबाबोंब केली अन् पुढच्या वर्षी तो ठेका मोडला.

१० नोव्हेंबर १९२० ले स्वित्झर्लंडसोबत टपालाचा करार झाला, अन् १ फेब्रुवारी १९२१ पासून पोस्ट, तार, टेलिफोन तिन्ही गोष्टी स्विस खात्याकडं गेल्या. कायदा स्विस, दर स्विस, पैसा स्विस फ्रँक. पण दोन गोष्टी यायनं सोडल्या नाहीत. तिकीट आपलं, अन् हिशोब आपला. म्हणजे काम स्विस खातं करणार पण लिश्टेनस्टाइनच्या खात्यावर करणार, उरलं तर यायचं, कमी पडलं तर बी यायनंच भरायचं. असं जवळपास ऐंशी वर्षं चाललं.

माह्या मते हे शहाणपण आहे. पोस्ट कोण चालवते याच्यापेक्षा हिशोबाची वही कोणाकडं आहे ते पाहा. तुमचं काय म्हणणं?


संत्राबर्फी (वरूड)

काय राजेहो, सकाळी सकाळी युरोप. पण हे लय सोपं आहे बावा. वावर आपलं, ट्रॅक्टर शेजाऱ्याचा, डिझेल-मजुरीचे पैसे आपण देतो अन् माल आपल्या घरी येते. बटई नाही हे, भाड्यानं नांगरणी आहे. ज्याचं वावर चार एकर त्यानं ट्रॅक्टर घेऊन हप्ते फेडत बसाचं का?


पांढरकवडा_एक्सप्रेस

अन् पेरणीच्या दिवशी ट्रॅक्टरवाला म्हणला आज माह्या वावरात काम आहे, येत नाही, तर? शेजाऱ्याच्या भरोशावर पेरणी करणारा माणूस मी पाहिला आहे, मृग निघून जाते अन् हा बांधावर बसून राह्यते. फोन अन् टपाल दुसऱ्याच्या हातात म्हणजे कोण कोणाले काय लिहून राह्यलं ते त्याले माहीत. युद्ध लागलं तर? मले हे शहाणपण नाही वाटत, मजबुरी वाटते. मजबुरीले गोड नाव द्यायची आपल्याले सवय आहे.


बॅगवाला

एक्सप्रेस भाऊ, मजबुरी होतीच, मी कुठं नाही म्हणलं. पण मजबुरीत बी सौदा कसा केला ते पाहा ना. तिकिटाचं घ्या. त्या करारानंतर लिश्टेनस्टाइनमधून टपाल टाकायचं तर लिश्टेनस्टाइनचंच तिकीट, स्विस तिकीट तिथं चालत नाही, अन् तिथलं तिकीट स्वित्झर्लंडमधी चालत नाही. आता जगभरातले आमच्यासारखे येडे हे तिकीट विकत घेतात अन् अल्बममधी लावून ठेवतात. तिकीट विकलं म्हणजे पत्र नेऊन पोचवायचं वचन विकलं, अन् ते वचन कधी कोणी मागतच नाही. बॅग बांधा, गाडीत टाका, बटवाडा करा, काहीच नाही, नुसता कागद छापायचा खर्च. तो सगळा पैसा वाडुझच्या खजिन्यात, स्विस खात्यात नाही. गरीब होता तवा तो देश, शेतीवरचा, त्याले या तिकिटांनी चांगला हात दिला.


रिटायर्ड_टेलिफोन (खामगाव)

नमस्कार. मी टेलिफोनमध्ये आयुष्य काढलं, ट्रंक बुक करून तासन् तास वाट पाहणाऱ्या लोकांपासून ते एसटीडी बूथच्या रांगेपर्यंत सगळं पाहिलं, त्यामुळे टपालाबद्दल बॅगवाला सांगतील, फोनचं मी सांगतो.

१९९९ पर्यंत लिश्टेनस्टाइनला वेगळा देश-कोड नव्हता. स्वित्झर्लंडचा ४१, आणि त्यात एरिया कोड ७५, म्हणजे झुरिचवरून वाडुझला फोन लावणं आपण खामगाववरून नागपूरला लावण्यासारखं, गावातलं गाव. बाहेरच्या देशातून वाडुझला जो कॉल येणार तो आधी स्विस एक्स्चेंजवर उतरणार. आणि आंतरराष्ट्रीय फोनचा हिशोब असा असतो की ज्या देशातून कॉल निघाला तिथलं खातं ज्या देशात पोचला त्या खात्याला ठरलेल्या दरानं पैसे देतं. नंबर ४१ चा, म्हणजे जगाच्या दृष्टीनं पैसे घेणारा स्विस. पुढे त्या दोघांचं आपसात.

तुम्ही म्हणाल मग वेगळा कोड आधीच का नाही घेतला. कोड काय दुकानात मिळत नाही. युरोपचे दोन आकडी कोड भरलेले होते. १९९० ला पूर्व जर्मनी पश्चिमेत विलीन झाला आणि त्याचा ३७ रिकामा झाला. मग त्याचेच तुकडे पाडून तीन आकडी कोड वाटले, त्यात अँडोराला ३७६, मोनॅकोला ३७७, सान मारिनोला ३७८, आणि व्हॅटिकनसाठी ३७९ राखून ठेवला. तसंच १९९३ ला चेकोस्लोव्हाकिया फुटला, त्याच्या ४२ मधून चेक ४२०, स्लोव्हाकिया ४२१, आणि ४२३ लिश्टेनस्टाइन. मोठी दोन घरं मोडली तेव्हा या लहानांना स्वतंत्र पाटी मिळाली. व्हॅटिकननं तर आपला ३७९ आजपर्यंत वापरलाच नाही, पोपचा फोन रोमच्या ०६ मध्येच आहे, इटलीचा ३९ लावून ०६ ६९८. टपाल मात्र १९२९ पासून त्यांचं स्वतःचं, तिकिटासकट.


संत्राबर्फी

काका, म्हणजे पोपले फोन लावाचा तर एसटीडी इटलीची 😄


मेघा_वर्धा

छान धागा. मी सध्या एमपीएससीचा अभ्यास करते त्यामुळे सगळीकडे करारच दिसतात. बॅगवाला दादा, तुमचं उदाहरण युरोपातलं आहे पण आपल्याकडचं घ्या ना. ५ डिसेंबर १९५० चा भारत-सिक्कीम करार. त्यात सरळ कलम आहे की सिक्कीममधल्या रेल्वे, विमानतळ, पोस्ट, तार, टेलिफोन आणि बिनतारी यंत्रणा उभारायचा, चालवायचा हक्क फक्त भारत सरकारचा. सिक्कीम तेव्हा संरक्षित राज्य होतं, आत कारभार चोग्याल राजाचा. पण तिथे 'आमच्या खात्यावर चालवा' असं काही नाही, हक्कच दिलेला आहे. सिक्कीमचं स्वतःचं टपाल तिकीट कधी चालूही झालं नाही. आणि १९७५ ला सिक्कीम भारताचं राज्य झालं.

म्हणजे दोन्हीकडे पोस्टमन मोठ्या शेजाऱ्याचा, पण कागदावर एका ठिकाणी चाकर आणि दुसऱ्या ठिकाणी मालक. मला वाटतं वही कोणाकडे याच्याही आधी हे पाहायला पाहिजे की करारात क्रियापद कोणतं आहे, 'तुमच्यासाठी चालवू' का 'आमचा हक्क राहील'.


पांढरकवडा_एक्सप्रेस

हे ताईनं बरोबर पकडलं. हेच मी म्हणून राह्यलो. आज पोस्ट, उद्या जकात, परवा झेंडा.


बॅगवाला

पण लिश्टेनस्टाइनमधी जकात बी गेली ना भाऊ, १९२३ ले करार अन् १९२४ पासून स्विससोबत जकात एक, नोट बी स्विस फ्रँक. शंभर वर्षं झाली, झेंडा अजून त्यायचाच आहे. असं आपोआप होत नाही, कोणता शेजारी आहे अन् त्याले तुमच्या जमिनीत किती रस आहे त्याच्यावर आहे. स्विस लोकायले या सव्वा ढेंगेच्या देशात काही रस नव्हता.


तिकिटदादा (अकोला)

सगळ्यांना नमस्कार, उशिरा आलो. सिक्कीमच्या शेजारी अजून एक प्रकरण आहे ते कोणी काढलं नाही, तिबेट. १९०३-०४ मध्ये यंगहजबंड नावाचा इंग्रज अधिकारी फौज घेऊन ल्हासापर्यंत गेला, आणि फौजेमागे तारेचे खांब आणि पोस्ट गेलं. फौज परतली, पोस्ट राहिलं. यातुंग, फारी, ग्यांत्से इथे भारतीय पोस्ट ऑफिसं, भारतीय तिकिटं, भारतीय शिक्के. १९२२ ला तारेची लाइन ग्यांत्सेपासून ल्हासापर्यंत नेली. तिबेटनं १९१२ पासून स्वतःची तिकिटं काढली पण ती तिबेटच्या आत, बाहेर पत्र पाठवायचं तर ग्यांत्सेला पोचल्यावर त्यावर भारताचं तिकीट लागायचं. अशी दोन देशांची तिकिटं एकाच पाकिटावर असलेली पाकिटं आम्हा लोकांत सोन्याच्या भावानं जातात.

स्वातंत्र्यानंतर हे सगळं आपल्या सरकारकडे वारशात आलं. २९ एप्रिल १९५४ ला चीनसोबत पंचशील करार झाला, त्याच दिवशीच्या पत्रव्यवहारात ठरलं की तिबेटमधलं पोस्ट, तार, टेलिफोन सामानासकट चीनला सोपवायचं आणि १२ विश्रामगृहंही द्यायची. १ एप्रिल १९५५ ला ताबा दिला. इथे गंमत पाहा, गावाचं पोस्ट चालवत होता एक शेजारी, ते हाती घेतलं दुसऱ्यानं, आणि ज्याच्या गावात पोस्ट होतं त्या तिबेटची करारावर सहीच नाही.


मेघा_वर्धा

दादा 🙏 नेपाळचंही असंच काहीतरी होतं ना?


तिकिटदादा

हो. नेपाळची स्वतःची तिकिटं १८८१ पासून, पण परदेशी टपाल भारतामार्फत. काठमांडूत आधी ब्रिटिश रेसिडेन्सीचं आणि नंतर भारतीय वकिलातीचं पोस्ट ऑफिस होतं, तिथे भारतीय तिकीट लावून पत्र जगात जायचं. नेपाळ १९५६ ला जागतिक टपाल संघाचा सदस्य झाला आणि १९५९ पासून आपलं परदेशी टपाल आपण पाठवायला लागला. लिश्टेनस्टाइन त्या संघात १९६२ ला गेला, म्हणजे तिकीट निघून पन्नास वर्षं झाल्यावर.

भूताननं तर वेगळाच रस्ता धरला. १९६२ ला टपाल सुरू केलं, आणि बर्ट टॉड नावाच्या अमेरिकन माणसाच्या सल्ल्यानं अशी तिकिटं काढली की जगभरचे संग्राहक पागल झाले. रेशमी तिकीट, पोलादी पत्र्याचं तिकीट, आणि १९७२ ला छोट्या रेकॉर्डची तिकिटं, ग्रामोफोनवर लावली की भूतानचं राष्ट्रगीत आणि लोकगीतं वाजतात. बॅगवाला म्हणतात तो 'कधी कोणी मागत नाही ते वचन' विकायचा धंदा भूताननं लिश्टेनस्टाइनपेक्षाही जोरात केला.


संत्राबर्फी

तिकीट गाणं म्हणते?? अन् आमच्या इथं पोस्टातला प्रिंटर अर्धा दिवस बोलत नाही. बॅगवाला भाऊ, राग नका मानू.


बॅगवाला

राग कायचा, माह्या इथं प्रिंटर बोलला तर नेट बोलत नाही. ऑफिसच्या मशीनमधी ज्या कंपनीचं सिम आहे (नाव घेत नाही) त्याची रेंज फक्त मागच्या कडुनिंबाच्या पाराजवळ येते. म्हणून आरडी भरायले आलेल्या बाया पारावर बसतात, मी तिथंच मशीन घेऊन जातो, पासबुकं घेतो, अन् पावसात छत्री धरायले सरपंचाचा पोऱ्या असते. देशाचं पोस्ट चालते ते त्या कंपनीच्या टॉवरवर. आता सांगा एक्सप्रेस भाऊ, आपण स्वतःचं स्वतः चालवून राह्यलो का?


पांढरकवडा_एक्सप्रेस

तेच तर. तुमचा मुद्दा तुमच्याच विरोधात गेला. टॉवर त्याचा, तुम्ही छत्रीत.


जिवतीचा_गुरुजी (जिवती, चंद्रपूर)

मी दोन दिवस नुसता वाचून राहिलो होतो, आता लिहितो. आमच्याकडे महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवर चौदा गावं आहेत, डोंगरावरची, ज्यांच्यावर दोन्ही राज्यांचा दावा आहे. पेपरात दर निवडणुकीला येतं, दोन्हीकडं मतदान, दोन्हीकडचं रेशनकार्ड, एकाच गावात मराठी शाळा आणि तेलुगू शाळा. बाहेरच्याला वाटतं मजा आहे. योजना दोन मिळतात हे खरं, पण जमिनीच्या पट्ट्याचा कागद पाहिजे असला की दोन्हीकडचे साहेब एकमेकांकडे बोट दाखवतात. फोनचं तर असं की या घरात महाराष्ट्राचा टॉवर आणि ओसरीत आलं की तेलंगणाचा, स्वागताचा मेसेज तेलुगूत. म्हणून मला विचारायचं होतं, एका देशाचं पोस्ट एक शेजारी चालवतो हे समजलं, पण दोन शेजारी मिळून चालवतात असं कुठं आहे का?


तिकिटदादा

आहे गुरुजी, आणि तुमच्या चौदा गावांसारखंच डोंगरात आहे. अँडोरा, फ्रान्स आणि स्पेनच्या मध्ये. तिथले राष्ट्रप्रमुखही दोन, एक फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि दुसरे स्पेनमधल्या उर्जेल गावचे बिशप, दोघंही पदामुळे अँडोराचे सहराजे. टपालही दोघांचं. स्पेनचं पोस्ट १९२८ पासून, फ्रान्सचं १९३१ पासून, आजही दोन्ही चालू. दोघंही अँडोराच्या नावाची वेगवेगळी तिकिटं छापतात. युरो यायच्या आधी स्पॅनिश पोस्टाची तिकिटं पेसेटामध्ये आणि फ्रेंच पोस्टाची फ्रँकमध्ये, कारण अँडोराची स्वतःची नोटच नव्हती. फोनलाही ३७६ मिळायच्या आधी फ्रान्सकडून लावायचा तर वेगळा नंबर आणि स्पेनकडून लावायचा तर वेगळा.


रिटायर्ड_टेलिफोन

मोनॅकोचंही यात जोडून देतो. तिथलं टपाल फ्रान्सचं पोस्टच चालवतं, तिकिटं मात्र १८८५ पासून मोनॅकोची, पिन ९८००० फ्रेंच रांगेतला. फोन १९९६ पर्यंत फ्रान्सच्या ३३ मध्येच होता.

आता मूळ प्रश्नावर येतो, कारण एक्सप्रेस यांना वाटतंय की एकदा दिलं की गेलं. लिश्टेनस्टाइननं परत कसं घेतलं ते पाहा. ६ डिसेंबर १९९२ ला स्विस जनतेनं मतदान करून युरोपियन आर्थिक क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या देशांच्या सामाईक बाजारात, जायला नकार दिला. बरोबर एका आठवड्यानं, १३ डिसेंबरला, लिश्टेनस्टाइनच्या लोकांनी होकार दिला. म्हणजे पोस्ट, फोन, जकात, नोट सगळं ज्याच्याशी बांधलेलं तो बाहेर आणि हा आत. जकातीच्या करारात फेरफार करून १९९५ ला पुन्हा मतदान झालं आणि १ मे १९९५ ला लिश्टेनस्टाइन आत गेला. आता त्या क्षेत्राचा नियम असा की टेलिफोनमध्ये एकाच सरकारी खात्याची मक्तेदारी चालणार नाही, बाजार उघडा करा. पण यांचा फोन तर शेजारच्या देशाचं सरकारी खातं चालवत होतं, आणि तो शेजारी त्या नियमात नाही! तिकडे स्वित्झर्लंडमध्येही १९९८ च्या सुरुवातीला ते पोस्ट, तार, टेलिफोनचं जुनं पीटीटी खातं मोडलं, टेलिफोनची स्विसकॉम वेगळी आणि पोस्ट वेगळं. म्हणजे ज्याच्याशी १९२० ला करार केला होता तो गडीच राहिला नाही. १९९९ मध्ये टपाल आणि फोन दोन्ही लिश्टेनस्टाइननं स्वतःकडे घेतले, ४१ ७५ जाऊन ४२३ आला.

मला यात कामाच्या दृष्टीनं जे जड वाटतं ते सांगतो. नवा देश-कोड म्हणजे नुसता आकडा बदलणं नाही. जगातल्या प्रत्येक देशाच्या एक्स्चेंजमध्ये ४२३ कुठे वळवायचा ते भरावं लागतं. एखाद्या देशानं भरलं नाही तर तिथून वाडुझला फोनच लागत नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची हेही लोकांना कळत नाही. आमच्याकडे साध्या गावाचा कोड बदलला तरी महिनोन् महिने चुकीचे कॉल यायचे. सात आकडी नंबर तेच ठेवले हे शहाणपणाचं केलं, पाटीवर फक्त पुढचा भाग रंगवायचा.


संत्राबर्फी

मंग काका, नदीपलीकडच्या सासूरवाडीले फोन लावाचा तर आयएसडी झाला म्हणा की. पोरीवाल्यायचं नुकसान.


रिटायर्ड_टेलिफोन

कागदावर हो, वाडुझ ते ऱ्हाईनपलीकडचं बुक्स, परदेशी कॉल. स्वातंत्र्याचं बिल कोणीतरी भरतंच 😀


तिकिटदादा

आपल्या वऱ्हाडाचं राहिलंच की. हा धागा विदर्भात सुरू झाला आणि वऱ्हाड कोणी काढलं नाही म्हणजे कमाल आहे. १८५३ च्या करारानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, फौजेच्या खर्चापोटी. जमीन नावाला निजामाची, कारभार इंग्रजांचा. पोस्ट, तार, रेल्वे सगळं इंग्रजी. १८७० ला खामगावला रेल्वेचा फाटा आला तो उघडायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला, का, तर कापूस. निजामाच्या मालकीच्या जमिनीवर निजामाचं तिकीट चालत नव्हतं. आणि निजामाची स्वतःची तिकिटं होती बरं, १८६९ पासून, पण ती त्याच्या राज्याच्या आत. बॅगवाला राहतात तिथे नदीच्या अलीकडे राणीचं तिकीट, पलीकडे निजामाचं.

आता वहीचं पाहा. १८५३ च्या करारात होतं की खर्च वजा जाता जे उरेल ते निजामाला द्यायचं. पण खर्च लिहिणारा कोण? इंग्रजच. जितका कारभार वाढवला तितकं उरणं कमी, आणि त्यावरून हैदराबादचे दिवाण सालारजंग वऱ्हाड परत मागून मागून थकले. शेवटी १९०२ ला व्हाइसरॉय कर्झननं तो उरल्यासुरल्याचा हिशोबच बंद केला, दरसाल २५ लाख रुपये घ्या आणि वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं आम्हाला द्या. पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं. १९३६ ला निजामाच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' पदवी मिळाली, हे मात्र त्याचं राहिलं.

तेव्हा बॅगवाला, वही आपल्याकडे पाहिजे हे ठीक, पण वऱ्हाडात निजामाच्या नावाचा हिशोब होताच. लिहिणारा हात दुसऱ्याचा होता.


बॅगवाला

दादा हे जबरदस्त. पलीकडं निजाम अलीकडं इंग्रज हे घरी ऐकलेलं आहे, आजा सांगायचा की माहूरच्या यात्रेले नदी ओलांडली की दुकानदार वेगळी नाणी मागायचा. टपालाचं त्यानं कधी सांगितलं नाही, त्याले पत्र यायचंच कोणाचं.

पण मी माह्या म्हणण्यावर आहे. वऱ्हाडात निजामाले विचारून दिलं नाही, कर्जाखाली दाबून घेतलं. तिबेटात फौज गेली. सिक्कीमात हक्क लिहून घेतला. लिश्टेनस्टाइन स्वतः चालत स्विस राजधानी बर्नले गेला अन् म्हणला आमचं पोस्ट चालवता का. फरक तिथं आहे. अन् ज्यानं स्वतः जाऊन दिलं त्याले १९९९ ले परत आणता बी आलं.


पांढरकवडा_एक्सप्रेस

ऑस्ट्रिया बुडाला नसता तर गेला असता का चालत? अन् स्विसनं पीटीटी मोडलं नसतं, युरोपचा नियम आडवा आला नसता, तर परत आणलं असतं का? तुमच्या सगळ्या गोष्टीत मोठ्याचं घर मोडते तवाच लहानाले काहीतरी मिळते. काकांच्या कोडवाल्या गोष्टीत बी तेच. मी हरलो नाही, लिहून ठेवा.


मेघा_वर्धा

एक्सप्रेस भाऊ, तुम्हाला मुलाखतीच्या पॅनलवर बसवायला पाहिजे. मुद्दा मात्र खोडता येत नाहीये मला. एवढंच म्हणेन की मोठ्याचं घर मोडलं तेव्हा तिबेटकडे स्वतःची मागणी घेऊन जायला कोणी मेज ठेवलं नव्हतं, लिश्टेनस्टाइनकडे आधीपासून स्वतःच्या नावाचा करार आणि तिकीट होतं. ते कागद नसते तर १९९९ ला काय दाखवलं असतं?


पांढरकवडा_एक्सप्रेस

कागदाचं मान्य. ट्रॅक्टरचं नाही.


जिवतीचा_गुरुजी

तिकिटदादा, माझा अँडोराचा एक प्रश्न राहिला. दोन पोस्टं आहेत म्हणता, तर माणसानं पत्र कोणत्या डब्यात टाकायचं?


तिकिटदादा

ज्या पोस्टाचं तिकीट त्या पोस्टाचा डबा गुरुजी. स्पॅनिश तिकीट लावून फ्रेंच डब्यात टाकलं तर चालत नाही, आणि गंमत म्हणजे दोघांचाही रंग पिवळाच. पण अँडोरातल्या अँडोरात साधं पत्र पाठवायचं असेल तर तिकीटच लागत नाही, फुकट. दोन्ही पोस्टं फुकट नेतात.


जिवतीचा_गुरुजी

फुकट! आमच्याकडं दोन सरकारं आहेत, दोघांचेही साहेब निवडणुकीला येतात, पण जातीच्या दाखल्याचा अर्ज डोंगर उतरून आमचा आम्हालाच नेऊन द्यावा लागतो, एसटीच्या तिकिटानं.


संत्राबर्फी

गुरुजी, अर्ज अँडोरात टाका.